जाळरेषेचं सरपण

थंडी सरत आली की हिवरदरीत डोंगराकडून धूर उतरायचा. मंजुषा त्याची वाट दिवाळीपासूनच बघायची. आवडत्या पाहुण्याची बघतात तशी नव्हे; घरात साप शिरल्यावर तो आता कुठल्या फडताळामागून निघतो, हे बघत बसतात तशी.

हिवरदरी हिमायतनगरच्या पुढं, अगदी जंगलाला टेकलेलं गाव. उन्हाळ्यात मोहाखालचा पाला कुणी पेटवला, कुणी बिडीचं थोटूक फेकलं, की आग अख्ख्या रानात पसरते. ती पसरू नये म्हणून जंगलखातं दर हिवाळ्यात जाळरेषा काढायचं. म्हणजे डोंगराच्या अंगानं एक रुंद पट्टा साफ करायचा. त्यातली घाणेरी, कुडा, वाळका बांबू, ऐन-धावड्याच्या लोंबत्या फांद्या, सगळं तोडायचं आणि जागच्या जागी ढीग करून पेटवून द्यायचं. मोठी आग नको म्हणून आधी बारकी आग. गावाला यात वावगं काही वाटत नव्हतं. उदगीरहून लग्न होऊन आलेल्या मंजुषालाही आधी वाटलं नव्हतं. बी.एस्सी. झालेली पोरगी, उलट तिनं सासूला, रत्नम्माला, जाळरेषेचं शास्त्र समजावून सांगितलं होतं, आणि रत्नम्मानं ते तांदूळ निवडता निवडता ऐकूनही घेतलं होतं.

मग अमरेश झाला. पोराची छाती जन्मापासूनच नाजूक. डॉक्टर म्हणाले बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल. तोवर वाफेची मशीन घरात ठेवा आणि धूळ-धूर टाळा. धूळ टाळायची तर मराठवाडाच सोडावा लागला असता. धूर मात्र टाळता येईल असं मंजुषाला वाटलं. घरात गॅस होता. उदबत्ती तिनं सासूची बोलणी खाऊन देवघरातून ओसरीवर काढली होती. राहता राहिला डोंगराचा धूर. गेल्या वर्षी तो आठवडाभर गावावर बसून होता. त्यातच लाईट गेली. मशीन बंद, आणि पोराच्या गळ्याखालची खळगी श्वासागणिक आत ओढली जाऊन राहिलेली. नवऱ्यानं, सोमेशनं, मोटारसायकल काढली. ती पोराला पदराखाली घेऊन मागं बसली आणि हिमायतनगरच्या दवाखान्यापर्यंत कान त्याच्या तोंडाशी लावून राहिली. घरघर ऐकू येत होती तोवर बरं होतं. मध्ये एकदा ती थांबली. खड्ड्यातून गाडी गेली म्हणून थांबली की पोरगंच थांबलं, हे तिला कळेना. पुढच्या क्षणाला घरघर परत सुरू झाली, पण त्या मधल्या क्षणात मंजुषाचं जे काही झालं ते नंतर सुधारलंच नाही.

म्हणून यंदा तोड सुरू व्हायच्या आधीच ती वनरक्षक बालाजीकडं गेली आणि ढीग पेटवू नका म्हणाली. बालाजी किनवटकडचा, तिच्याच वयाचा, समजूतदार पोरगा. त्यानं सरळ सांगितलं की ढीग तसेच ठेवले तर उन्हाळ्यात तेच आधी पेटतील. पेटवायचे नसतील तर फेब्रुवारीच्या मध्याच्या आत उचलून न्यावे लागतील.

"पर न्यावं कुनी, वहिनी? फुकट न्या म्हणलं तरी लोकं हात लावून न्हाई राहिले. घाणेरी हाय ती. शेळी सुदीक तोंड लावत न्हाई."

लोक हात लावत नव्हते त्याला आणखी एक कारण होतं. जंगलातली काडी घरात सापडली की केस, हे गावाच्या हाडात मुरलेलं. मंजुषानं गावच्या वन समितीला धरलं, अर्ज लिहून दिला, परवानगी आणवली. आता लाकूड कायदेशीर झालं. उपयोग तेवढा शोधायचा राहिला.

फोनवर तिनं बघितलं होतं की कुठं कुठं घाणेरीच्या काड्या उकळून, सोलून खुर्च्या विणतात. सुभद्राबाईच्या बचत गटाला तिनं पटवलं. सुभद्राबाई मठात सोमवारचा स्वयंपाक करायची. नवरा लवकर गेलेला, जिभेला हाड नसलेली बाई. बायकांनी काड्या उकळल्या, सोलल्या, बोटं रक्ताळून घेतली आणि एक खुर्ची उभी केली. ती एका अंगाला कलत होती. सुभद्राबाई तिच्यात बसून बघून म्हणाली, "ही सरपंचाला द्या, सूनबाई. उठतोच म्हणलं तरी उठता येणार न्हाई, धोतर अडकून बसतंय." बायका पोट धरून हसल्या. मंजुषाही हसली, आणि हसता हसता तिला डोंगरावर वाढत चाललेले ढीग दिसत राहिले.

काही गाड्या शेताच्या कुंपणाला गेल्या. रानडुकरं घाणेरीच्या काट्याला बिचकतात म्हणून दोघा-तिघांनी बांधाला तिच्या फांद्या आडव्या रचल्या. पण बांध किती आणि ढीग किती. नांदेडला एका कारखान्यात भुशाच्या कांड्या करतात असं कळलं. तिनं फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, वाळवून, बारीक तुकडे करून, ट्रक भरून आणा, नाहीतर पुन्हा फोन करू नका. वीटभट्टीवाला मात्र एका पायावर तयार झाला, सगळं एका दमात उचलतो म्हणाला. भट्टी गावाच्या पश्चिमेला होती, वाऱ्याच्या तोंडाशी. मंजुषानं त्याला नाही म्हणून सांगितलं आणि का, ते कुणालाच सांगितलं नाही. सोमेशला तेवढं उमगलं. घरचं दुकान बंद करून आल्यावर, शर्टाची बटणं काढता काढता त्यानं विचारलं, "मंजू, तुला लाकडाचा उपयोग पाहिजे का लाकूड गायब पाहिजे?"

ती म्हणाली, "गायब."

घराला लागूनच मठ. मधे एक भिंत. मंजुषाचे सासरे गुरुपादप्पा मठाचे कारभारी. सकाळी लिंगपूजा झाली की ते दुकानाआधी मठात जायचे. मठात दर सोमवारी दासोह असायचा. शिवाचं अन्न म्हणून येईल त्याला जेवू घालायचं, जात-पात, ओळख-पाळख विचारायची नाही. या पंगतीचा एक रिवाज होता. पहिला घास घ्यायच्या आधी, ज्याला काही द्यायचं असेल त्यानं उभं राहून ते बोलायचं. कुणी गव्हाचं पोतं बोलायचा, कुणी तेलाचा डबा. बोललं की कारभाऱ्यानं "शिवार्पण" म्हणायचं, आणि त्या घटकेपासून ती वस्तू त्या माणसाची राहायची नाही. एकदा एका म्हाताऱ्यानं भरात येऊन दुभती म्हैस बोलली. घरी बायकोनं डोकं आपटून घेतलं, तरी दुसऱ्या दिवशी म्हैस मठाच्या दारात होती. बोललेलं परत फिरलेलं हिवरदरीत कुणी बघितलं नव्हतं.

मंजुषानं नीट विचार केला. सोमवारचा स्वयंपाक गॅसवर होतो. लाकूड लागतं ते फक्त शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याला. कारण हुग्गी, गव्हाची खीर, गॅसवर चवीला लागत नाही असं जुनी माणसं म्हणतात. म्हणजे वर्षातला एक दिवस धूर. त्या दिवशी पोराला घेऊन उदगीरला जायचं. बाकीचं सरपण मठाच्या पत्र्याखाली वर्षानुवर्षं पडून राहील. देवाचं म्हटल्यावर कुणी काडी उचलणार नाही, वीटभट्टीवालाही नाही. आणि डोंगरावर पेटवायला काही उरणारच नाही. तिला हा विचार इतका पक्का वाटला की तिनं तो परत एकदा उलटून बघितला नाही.

बायका पंगतीत बोलत नसत असं नाही, पण सुना बोलत नसत. अमरेशला काखेत घेऊन ती उभी राहिली तेव्हा आधी सुभद्राबाईच्या हातातली पळी थांबली.

"जाळरेषेचं समदं सरपण मी दासोहाला बोलते," मंजुषा म्हणाली. आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच घोर नको म्हणून तिनं वर जोडलं, "यंदाचं, आन् हितून पुढं जितकं निघंल तितकं."

गुरुपादप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग "शिवार्पण" म्हणाले, ते शेवटच्या पानापर्यंत ऐकूसुद्धा गेलं नाही.

काल ज्या घाणेरीला शेळी तोंड लावत नव्हती ती एका दिवसात शिवाची झाली. पोरांनी ट्रॅक्टर काढले, डिझेलचं कुणी नाव घेतलं नाही. गाड्यांवर गाड्या आल्या आणि मठाच्या पत्र्याखाली, घराच्या भिंतीला लागून, सरपणाची दुसरी भिंत उभी राहिली. बालाजीनं त्या भिंतीचे फोटो काढून साहेबांना पाठवले. त्या हिवाळ्यात डोंगरावर काडी पेटली नाही. अमरेश अंगणात कोंबडीमागं पळायचा, धापा टाकायचा, पण त्या पळण्याच्या धापा. मंजुषा ओसरीवर बसून त्याचा गळा बघायची. खळगी जागच्या जागी. सासूनं एकदा विचारलंसुद्धा, एकटीच काय हसून राहिलीस गं. ते दिवस थोडे होते, पण चांगले होते. नंतर तिला कधी कधी वाटायचं की तेवढ्यासाठी केलं असंच धरून चालावं.

शिवरात्रीला ती ठरवल्याप्रमाणे पोराला घेऊन उदगीरला गेली. परत आली तेव्हा मठाच्या मागं धूर होता. पारण्याचं उरलंसुरलं शिजवत असतील असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धूर. तिसऱ्या दिवशीही. मग जेवणं झाल्यावर तिनं सासऱ्यांना विचारलं की मामा, पारणं झालं न, चूल अजून कशाला.

गुरुपादप्पा तिच्याकडं मायेनं बघत होते. त्यांनी सांगितलं की मठाचा गॅस त्यांनी परत करून टाकला. आता दासोह सोमवारचा नाही, रोजचा. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच मठात रोज चूल पेटायची. ते तेव्हा अमरेशपेक्षा थोडे मोठे होते आणि आईचं बोट धरून रांगेत उभे राहायचे. पुढं सरपण मिळेना म्हणून ती चूल विझली. ती परत पेटावी हे त्यांच्या मनात होतं, पण रोजच्या गॅसचं बळ मठात नव्हतं. "माज्या आईनं त्या चुलीवर मला जगवलं. आन् माज्या सुनेनं ती परत पेटवली. आता ती विझत न्हाई, बाई. तू पुढचं बी बोलून ठेवलंस."

मंजुषाला तेव्हाच बोलायचं होतं. पण समोर म्हातारा माणूस रडत होता, आणि कशासाठी, तर तिच्या पुण्याईसाठी. ती ताटं उचलून आत गेली.

सरपण हिवाळ्यात तोडलेलं, अजून नीट वाळलेलं नव्हतं. घाणेरीचा धूर तसाही उग्र, घशाला ओरबाडत जाणारा. पहाटे सुभद्राबाई चूल पेटवायची आणि धूर भिंत चढून सरळ घराच्या चौकात उतरायचा. मंजुषानं खिडक्यांना प्लास्टिक लावलं. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पोराला दिवसभर आतल्या खोलीत ठेवलं तर तो दारावर लाथा मारायचा. सोमेशच्या मागं लागून तिनं चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवून घेतलं. आता धूर भिंतीवरून न येता छपरावर पडायचा आणि तिथून खाली यायचा. चूल पलीकडच्या कोपऱ्यात सरकवा असं तिनं सुचवलं, तर सासूनं कानाला हात लावला. मांडलेली चूल हलवतात का?

"तुमीच सांगा न मामाला," ती सोमेशला म्हणाली.

"मी काय सांगू? भर पंगतीत तूच बोलली. मला इचारून बोलली का?"

हे खरं होतं.

पोराला रोज संध्याकाळी वाफ द्यावी लागायला लागली. रत्नम्मा काही दुष्ट बाई नव्हती. नातवाची तगमग तिलाही बघवत नव्हती. ती मठात जायची आणि चुलीतली राख वस्त्रगाळ करून आणायची, विभूती म्हणून. पोराच्या कपाळाला लावायची, छातीला चोळायची, चिमूटभर जिभेवर ठेवायला जायची. एकदा मंजुषानं तिचा हात धरला. रत्नम्मानं हात सोडवून घेतला नाही, नुसतं तिच्याकडं बघितलं. तिच्यासारखी सासू घरोघर मिळत नाही हे मंजुषाला ठाऊक होतं, आणि त्या दिवसापासून तीही सासू दुरावली.

सुभद्राबाईचे डोळे लाल राहायला लागले होते. एका सकाळी मंजुषा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि ओली लाकडं बाजूला काढून द्यायला लागली. सुभद्राबाईनं फुंकणी खाली ठेवली. "ह्याला म्हणतेत हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. "गॅसवर चांगलं चाललं होतं माजं. तुमी मधीच शिवाला सरपण बोलायला गेल्या." मग जरा थांबून, "लेकराला लई होतंय का?" मंजुषानं मान हलवली. दोघी काही वेळ लाकडं निवडत बसल्या.

ती पुन्हा बालाजीकडं गेली. पुढच्या वर्षी ढीग डोंगरावरच पेटवा म्हणाली. आठवडाभर धूर आला तरी चालेल, मी पोराला घेऊन जाईन. बालाजीला आधी ती थट्टा करते असंच वाटलं. मग त्यानं अवघडून सांगितलं की आता ते व्हायचं नाही. साहेबांना लाकडाचा हा उपयोग फार आवडला. आणखी तीन गावांनी मागणी केली आहे, तोडलेलं लाकूड मठ-मंदिराला द्यायचं. "तुमचाच अर्ज दाखवतेत साहेब समद्यास्नी," तो म्हणाला. त्याला वाटलं, तिला हे ऐकून बरं वाटेल.

चैत्रात एका दुपारी अमरेश दार उघडून बाहेर पळाला. मंजुषा न्हाणीत होती. तो भिंतीशी, सरपणाच्या सावलीत, पंगतीतल्या पोरांबरोबर खेळत होता. ती बाहेर येईपर्यंत त्याचे ओठ निळसर झाले होते. मशीननं काही होईना. हिमायतनगरला दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर रागावले नाहीत, रागावायच्या पलीकडं गेल्यासारखं बोलले. धुरापासून पोराला लांब करा, किंवा पोरापासून धूर लांब करा; तिसरं औषध माझ्याकडं नाही.

घरी आणलं तो सोमवार होता. पोराला सासूजवळ झोपवून मंजुषा मठात गेली. पंगत बसली होती. आता पंगत मोठी असायची. रोजगाराला निघालेले, शाळेची पोरं, रस्त्यानं जाणारे कुणी-कुणी. भिंतीकडेला पार्वतीबाई बसली होती. दोन्ही लेकं पुण्याला, हिला बघणारं कुणी नाही. महिन्याभरात म्हातारीचे गाल जरा भरले होते. गुरुपादप्पा स्वतः भात वाढत होते. मंजुषा तिथं उभी राहिली जिथं ती आधी उभी राहिली होती.

"मामा, मी जे बोलले ते परत घेते," ती म्हणाली. "लेकराला धूर सोसत न्हाई. चूल बंद करा, नसता गॅसवर न्या."

पार्वतीबाईचा घास हातातच राहिला. तिच्या डोळ्यांत मंजुषाविषयी राग नव्हता. भीती होती. उद्यापासून काय, एवढीच. मंजुषाला ती भीती चांगली ओळखीची होती आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली.

गुरुपादप्पांनी भाताचं भगुणं खाली ठेवलं. ते चिडले असते तर सोपं झालं असतं. ते हळूच, समजावणीच्या आवाजात म्हणाले, "बाई, ते सरपण आता तुजं न्हाई आन् माजं बी न्हाई. जे आपलं न्हाई ते आपुन परत कसं घ्यावं?" मग जरा विचार करून, "लेकरू मातुर आपलं हाय. लेकराचं बघू. त्याला उदगीरला ठेवू. थितं हवा चांगली हाय."

सगळ्या पंगतीनं श्वास सोडला. बराबर हाय अप्पाचं, असं दोघं-तिघं म्हणाले. लांबच्या पानावरून कुणीतरी आमटी मागितली. गुरुपादप्पांनी भगुणं उचललं, आणि पार्वतीबाईनं तो घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी मंजुषा पोराला घेऊन निघाली. पंधरा दिवसांनी ये, सासू म्हणाली.

उदगीरला माहेरचं घर लहान, भाऊ आणि आई. आईच्या, मल्लम्माच्या, कानावर सगळं आधीच गेलं होतं. लेकीला पाणी द्यायच्या आधी तिनं विचारलं, "चार लोकांत दासोहाची चूल इझवा म्हणाली म्हणं तू?" मंजुषा म्हणाली, लेकराची छाती बघ. मल्लम्मानं नातवाला जवळ घेतलं, मुका घेतला, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली की छाती दवाखान्यानं बरी होते, शिवाचं बोललेलं मोडलं तर ते कुठल्या दवाखान्यात न्यावं. शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, लेकराच्या दवापाण्याला आलीय. लेक भांडून आली असं म्हणणं सोपं होतं. लेक दासोहाला नडली, हे तिच्यानं सांगवत नव्हतं.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. संध्याकाळी मंजुषा पोराला किल्ल्याकडं न्यायची. अमरेश चढण पळत चढायचा, वरून तिला हाका मारायचा, परत खाली यायचा. मशीन पेटीत घालून कपाटावर ठेवली होती. तिच्याजवळ बसणाऱ्या बायका म्हणायच्या, किती चपळ हाय हो लेकरू. ती हो म्हणायची. हे चपळ लेकरू बघायलाच तर तिनं सगळं केलं होतं. ते तिला मिळालं होतं, फक्त त्याच्या घरापासून तोडून.

सोमेश फोन करायचा. कवा येतीस, विचारायचा. चूल बंद झाली का, ती विचारायची. तेवढ्यात पोरगं मधे घुसून बापाला कोंबडीचं विचारायचं.

मृगाच्या आधी तो आला. दारात त्याला बघून अमरेश धावला आणि त्याच्या मांडीला मिठी मारली. सोमेशनं त्याला उचलून छातीशी धरलं. पोराला ठसका लागला. एक, मग पाठोपाठ दुसरा. सोमेशच्या शर्टाला, केसांना, सगळ्या अंगाला घाणेरीचा धूर मुरला होता. त्याला स्वतःला तो कळतसुद्धा नव्हता. मंजुषानं पोराला त्याच्याकडून काढून घेतलं.

"आधी आंघोळ करा," ती म्हणाली.

"माज्या लेकराला हात लावायला आंघोळ?"

"हाव."

तो न्हाणीत गेला, मेहुण्याचा पायजमा घालून बाहेर आला आणि पाहुण्यासारखा भिंतीला टेकून बसला. आता पोराला तिनं जाऊ दिलं. तिनं सोमेशचा शर्ट धुऊन मागच्या दारी, लांब, वाऱ्याला वाळत घातला.

जेवताना त्यानं बातम्या सांगितल्या. पार्वतीबाई आता मठातच झोपते. साहेब लोकांनी नांदेडला कार्यक्रम ठेवलाय, जंगलाच्या लाकडाचा चांगला उपयोग केला म्हणून मंजुषाचा सत्कार आहे. शाल, नारळ, पेपरवाले. अप्पांनी सांगितलंय की तेवढ्याला तरी तिनं यावं, घराण्याची शोभा आहे. पोराला मल्लम्माकडं ठेवून यावं.

"तुमीच घ्या तो सत्कार," मंजुषा म्हणाली.

"नाव तुजं हाय. म्या काय म्हणून सांगू थितं?"

तिनं पोळीचा तुकडा मोडून पोराच्या ताटात ठेवला. "खरं ते सांगा. तिला काई उपयोग-बिपयोग सुचला न्हवता. धूर लेकरापासून लांब लोटून राहिली होती ती, आन् लोटता लोटता घरात आणून ठेवला."

मल्लम्मा आतून म्हणाली, अन्नावर बसून असं बोलू नये.

निघताना सोमेश उंबऱ्यात बसून बूट घालत होता. मंजुषा शर्ट घेऊन आली. आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला, "मला बी सकाळचं उठलं की ठसका लागून राहिलाय. आईला तर झोपच न्हाई."

"मग मामाला सांगा की."

बुटाची नाडी बांधून झाली होती तरी तो तसाच वाकून राहिला. "काय सांगावं?" तो म्हणाला. "दासोहाचं हाय ते."

तो उठला, शर्ट अंगात घातला. एकदा धुतल्यानं वास गेला नव्हता. पोराला त्यानं लांबूनच हात केला आणि स्टँडच्या रस्त्याला लागला. वारा त्याच्याकडून घराकडं होता. मंजुषानं अमरेशला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.